डावी कळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आई गेली तिला तर नाहीच. देवाला सांगायची गरज पडली नाही, कारण त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं — आणि तरी तो जे वागला, त्याचाच मला इतकी वर्षं आधार वाटत आला. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे मला तेराव्या वर्षीच कळलं होतं.

निमित्त अगदी साधं झालं. गेल्या महिन्यात म्हापशाला भाच्याकडे गेले होते. त्याच्या हॉलमध्ये दाराएवढा टीव्ही, आणि त्याच्याखाली आतून निळे दिवे लागणारी एक काळी पेटी. खेळाचा कॉम्प्युटर म्हणे, त्यानं स्वतः सुटे भाग आणून जोडलेला. त्याची बायको कुरकुरत होती, की सगळे लोक दुकानातून गेमचा डबा आणतात, टीव्हीला लावतात, खेळतात, आपल्याच घरी हा खटाटोप कशाला? त्यावर भाच्यानं अर्धा तास व्याख्यान दिलं. डब्यात कंपनी देईल तेवढंच, ह्यात आपल्याला हवं ते, वगैरे. मी गालातल्या गालात हसत होते. हाच वाद, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी आमच्या डिचोलीच्या घरात ऐकला होता. आणि मग बोलता बोलता त्यानं हातातल्या कंट्रोलरची वायर उचलली आणि चालू मशीनच्या पाठीत खुपसली.

मी ओरडले. "आधी बंद कर!" असं ओरडले, की आतल्या खोलीतलं बाळ जागं झालं.

भाचा हसायला लागला. म्हणाला, मावशी, आता चालू असताना लावलं तरी काही होत नाही. सगळे हसले. मीही हसले. पण परतीच्या बसमध्ये अस्नोडा कधी आलं आणि कधी गेलं, मला कळलं नाही. आता काही होत नाही. तेव्हा होत असे.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची, म्हणजे १९८७ची गोष्ट. घरात सतत वाद चाललेले — मराठी की कोंकणी. बाबा मराठी पेपर वाचत आणि त्यावर कोंकणीतून भांडत, ह्यात त्यांना काहीच विसंगत वाटत नसे. मला त्या वादात काडीचा रस नव्हता. मला हवा होता गेमचा डबा. वास्कोला मामेभावाकडे तो पाहिला होता, एक काडतूस, म्हणजे खेळाची छोटी प्लॅस्टिकची डबी, आत सरकवलं की टीव्हीवर लगेच खेळ हजर. माझा नानाकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, जहाजावर इंजीनरूममध्ये कामाला होता. मुरगाव बंदरातून निघाला की दहा-दहा महिने यायचा नाही. जाताना त्यानं विचारलं, काय आणू? मी सांगितलं, डबा. चित्रसुद्धा काढून दिलं.

त्यानं आणलं ते भलतंच. पाटीएवढं काळं मशीन, त्यावर रबराची बटणं, दाबली की पेढ्यात बोट रुतल्यासारखी. हा कॉम्प्युटर, काका म्हणाला. टीव्हीला लावायचा, आणि शेजारी आपला साधा टेपरेकॉर्डर ठेवायचा, कारण खेळ कॅसेटवर असतात. मी रुसले. दोन दिवस काकाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "खेळाच्या डब्यात दुसऱ्यान भरला तितलाच आसता, बाय. ह्यात तू भरशीत ता."

मी काही भरलं नाही. भरलं ते सुलूनं.

सुलू म्हणजे आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या रामाकाकांची मुलगी. ते सिंधुदुर्गातले, दोडामार्गच्या पुढचे. मुळगावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचे. सुलूची आई गावी शेती बघायची, आणि शाळा चांगली म्हणून सुलूला त्यांनी आपल्याजवळ ठेवलेलं. माझ्याच वर्गात. रामाकाका संध्याकाळी यायचे तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत लाल असायचे, आणि विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय कुणाशी बोलायचे नाहीत.

बाहेरच्या खोलीला आम्ही साल म्हणायचो. तिथं टीव्ही, टीव्हीवर आईनं विणलेला रुमाल, समोर वेताचा सोफा. आमच्या शाळा सुटल्यावरच्या सगळ्या दुपारी त्या सालात गेल्या. तुम्हाला तो आवाज माहीत आहे का, कॅसेटवरचा खेळ मशीनमध्ये चढतानाचा? किंचाळी आणि गुळण्या एकाच वेळी, आणि पडद्याच्या कडेला पळणारे पट्टे. आमचा टीव्ही काळापांढरा, पण ते पट्टे मला आजही रंगीत आठवतात. पाच मिनिटं तो आवाज ऐकत बसायचं, आणि शेवटी चार वेळांपैकी दोनदा काहीच व्हायचं नाही. रेकॉर्डरचा आवाज केसभर कमी-जास्त झाला, की खेळ चढत नसे. सुलूनं त्यावर उपाय काढला. आवाजाचं चाक नेमकं जिथं थांबायला हवं तिथं तिनं आपल्या कपाळाची टिकली काढून चिकटवली. तेव्हापासून आमच्याकडे खेळ चढू लागले. आई म्हणायची, रेकॉर्डर सुवासीण झाला.

लोक यायचे. रविवारी वाड्यावरची, म्हणजे आळीतली, पोरं सालाच्या दारात चपलांचा ढीग करायची. पोदेर पाव द्यायला आला की सायकल उभी करून खिडकीतून बघायचा आणि पुढच्या घरी उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खायचा. बाबासुद्धा एकदा बसले आणि तीन मिनिटांत तिन्ही जीव घालवून, हे काय पोरखेळ, म्हणत उठले. पण पेपर वाचताना त्यांचा एक डोळा पडद्यावर असायचा. इतकं सुख त्या खोलीत पुन्हा कधी नांदलं नाही, हे मी अगदी खरं सांगते.

मशीनबरोबर एक पुस्तक होतं, इंग्रजी, स्प्रिंगनं बांधलेलं. त्यातल्या दोन ओळी जाण्यापूर्वी काकानं लाल पेन्सिलीनं अधोरेखित केल्या आणि आम्हा दोघींना समोर बसवून समजावल्या. पहिली — तुम्ही काहीही टाईप करा, चुका, काहीही करा, त्यानं मशीन बिघडत नाही. भिऊ नका. दुसरी — वीज चालू असताना मशीनच्या मागच्या फटीत काहीही लावू नका, काढू नका. जॉयस्टिक, म्हणजे खेळ चालवायची दांडी, वायरीच्या टोकाच्या चपट्या वडीनं त्या फटीतच लागायची. आधी बंद, मग लावणं, मग चालू. काकानं आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

पण मशीन बंद केलं की आतलं सगळं पुसलं जायचं. ही त्याची खोड. चालू आहे तोवर आठवण, बंद झालं की कोरी पाटी. म्हणून आत जे काही असेल ते आधी कॅसेटवर भरून ठेवायचं, त्याला पुन्हा पाच मिनिटं.

सुलूला खेळण्यापेक्षा त्या पुस्तकाचं वेड लागलं. त्यातलं बघून बघून तिनं स्वतःचा खेळ लिहिला. खाणीवरून खाली उतरणारा ट्रक. चौकोनांचा ट्रक, रस्त्यात दगड, खाली नदी आणि खनिज वाहून नेणारी बार्ज. ट्रक बार्जपर्यंत नेऊन रिता करायचा. एका संध्याकाळी तिनं वडिलांना, तिच्या आबांना, बोलावून आणलं. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून रामाकाका आले, सोफ्यावर काही बसले नाहीत, दाराजवळ जमिनीवर बसले. ट्रक खाली उतरला, वळला, दगड चुकवून गेला. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फक्त एकच विचारलं, "हॉर्न खंय?"

सुलू इतकी हसली. म्हणाली, येत्या रविवारी हॉर्न वाजवते.

आणि मी? मी सोफ्यावर बसून होते. टीव्ही आमचा, मशीन माझ्या काकानं माझ्यासाठी आणलेलं, आणि वाड्यावरची पोरं आता विचारायची, सुलूचा ट्रक लावतेस का? हेवा वाटत होता का? वाटत होता. पण जे झालं ते हेव्यानं झालं असं म्हटलं, तर मी स्वतःला उगाच मोठं करीन. ते आळसानं झालं.

चतुर्थी होऊन गेलेली, शनिवार, दुपारची वेळ. सुलू दोन तास बसून हॉर्न लिहीत होती. शेजारणीनं तिला हाक मारली, वाळत घातलेले कपडे काढायला, आभाळ भरून आलेलं. उठताना ती म्हणाली, हे अजून कॅसेटवर भरायचं आहे, बंद करू नकोस हां. मी म्हटलं, नाही करत.

आणि मी बंद केलं नाही. शब्द पाळला बघा. मला फक्त एकदा तो ट्रक जॉयस्टिकनं चालवून बघायचा होता, ती यायच्या आत, एकटीनं. बंद केलं असतं तर तिचा हॉर्न गेला असता. कॅसेटवर भरायचं तर पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटं! मी जॉयस्टिकची वडी उचलली आणि चालू मशीनच्या मागच्या फटीत दाबली. टीव्हीवर एकदम बारीक चौकटी उमटल्या, मग पडदा करडा झाला. आवाज नाही, धूर नाही. मशीनवर हात ठेवला तर ते कोमट होतं.

मी वडी काढली. बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. करडा पडदा. मग मी जॉयस्टिक कपाटात तिच्या जागी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ शेंगा सोलत बसले. मी हे ठरवून केलं नाही. पण केलं. शेंगा सोलताना मी एकही दाणा खाली सांडला नाही, ते मला चांगलं आठवतं.

सुलू आली, आणि सालातून तिची हाक आली. आम्ही सगळे धावलो. मीही धावले.

आईनं विचारलं, शेवटचं कोण बसलं होतं? सुलू म्हणाली, मी. आईनं विचारलं, काय करत होतीस? सुलू म्हणाली, हॉर्नचं लिहीत होते. झालं. आईच्या डोक्यात पक्कं बसलं की ह्या पोरीनं काहीतरी उलटंसुलटं लिहिलं आणि मशीन जळलं. आईलाच कशाला दोष देऊ? आमच्याकडे तेव्हा कुणाला वेगळं वाटलं असतं? मोटरला उलटा फेज दिला की मोटर जळते, पंपात पाणी नसलं की पंप जळतो, तसं यंत्रात चुकीची अक्षरं गेली की यंत्र जळत असणार. पोदेरापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी मान हलवली.

सुलू घाबरली नाही. तिला वाटलं, ही तर सोपी गोष्ट आहे. ती म्हणाली, पुस्तकात लिहिलंय, काहीही टाईप केलं तरी बिघडत नाही, काकांनी लाल रेघ मारली आहे. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, पुस्तक आण.

त्या पुस्तकात त्याच पानावर, चार बोटं खाली, दुसरीही लाल रेघ होती. ती वाचली असती तर पुढचा प्रश्न कुणाला विचारला गेला असता?

मी आत गेले. पुस्तक माझ्या दप्तराशेजारीच होतं. कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीत तळाला पेपर अंथरलेला असे, त्याखाली ते सारलं, आणि बाहेर येऊन म्हटलं, मिळत नाही. बरेच दिवस झाले, मी पाहिलंच नाही.

सुलूनं माझ्याकडे पाहिलं. त्याच दिवशी सकाळी आम्ही दोघींनी ते पुस्तक मांडीवर घेतलं होतं. तिला वाटलं असेल, मी विसरले. की त्याच क्षणी तिला सगळं कळलं? ह्या प्रश्नावर मी आयुष्यातल्या किती दुपारी घालवल्या, विचारू नका.

एवढ्यावर मिटलं असतं. बाबा म्हणत होते, यंत्रच ते, गेलं तर गेलं, नाना आल्यावर बघेल. पण वाड्यावर बोलणं पसरलं, की भाडेकरूच्या पोरीनं मशीन जाळलं आणि वर पुस्तकाच्या थापा मारते. ते ट्रकवाल्यांच्या अड्ड्यापर्यंत गेलं. तिसऱ्या दिवशी रामाकाका आमच्या पायरीशी उभे राहिले. लेकीबद्दल बाबांना म्हणाले, "माझा चेडू खोटा बोलणा नाय, भाई. देवाक विचारूया."

आमच्याकडे हे आहे. तंटा सुटेना, निर्णय होईना, तर देवळात प्रसाद लावायचा. भटजी फुलांच्या कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतात, देवासमोर प्रश्न मांडतात, आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची कळी आधी पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. लग्नं ह्यावर ठरतात, विहिरी ह्यावर खणतात. बाबांना ते पटत नव्हतं. खेळण्यासाठी देवाला कशाला त्रास, म्हणाले. पण रामाकाका हटेनात. त्यांना भीती नव्हती ना. मुलगी खरी आहे ह्याची खात्री होती, आणि देव खरा आहे ह्याचीही.

पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही गेलो. बाबा, मी, रामाकाका आणि सुलू. देवळातला पंखा बंद केला, वाऱ्यानं कळी पडायला नको म्हणून. भटजींनी कळ्या लावल्या. रामाकाकांनी हात जोडून स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "माझ्या चेडवाचो दोष नसात तर उजवी दी, देवा. आसात तर डावी."

आणि मग काहीच झालं नाही. दोन्ही कळ्या आपापल्या जागी. कधी कधी प्रसाद लगेच होतो, कधी वेळ घेतो. सुलू माझ्या शेजारी उभी होती, तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. देवाकडे बघत बघतच ती अगदी हळू म्हणाली, "तू सांग गो. पुस्तकातला सांग."

मी समईकडे बघत राहिले.

किती वेळ गेला असेल? एक खेळ कॅसेटवरून चढायला लागायचा, तेवढा. पाच मिनिटं. मला नंतर कितीदा वाटलं, की देव थांबला होता तो माझ्यासाठी. मला बोलायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा त्यानं दिला. दोनच वाक्यं होती. मी बोलले नाही. डावी कळी पडली.

रामाकाका ओरडले नाहीत. त्यांनी खाली पडलेल्या कळीकडे पाहिलं, मग सुलूला म्हणाले, पाया पड. ती उभीच राहिली. मी नाही केलं, म्हणाली. तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला — किती वेळा मी तो हात तिच्या डोक्यावर मायेनं फिरताना पाहिला होता — आणि तिचं डोकं खाली दाबलं. लाल माती कितीही घासली तरी त्यांच्या नखांतून जायची नाही. ती नखं तिच्या काळ्या केसांवर मला दिसत होती.

भटजींनी सांगितलं, दरवर्षी जत्रेला नारळ ठेवा, चूक पदरात घे म्हणून गाऱ्हाणं घाला. रामाकाकांनी मान डोलावली.

आणि आता सर्वांत वाईट ते सांगते. बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना मला हलकं वाटलं. देवानंच सांगितलं ना? मग मी कुठे खोटं बोलले? देव माझ्या बाजूनं आहे, असं मला वाटलं, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले. पुढे कितीतरी वर्षं, झोप लागेना तेव्हा मी तीच कळी उशाला घेतली.

महिन्याभरात त्यांनी खोल्या सोडल्या. रामाकाका खाणीजवळ मुळगावात एकटेच राहू लागले आणि सुलूला गावी आईकडे पाठवलं, तिथल्या शाळेत. आईनं जाताना तिला नवीन फ्रॉकचं कापड दिलं. सुलूनं ते घेतलं आणि आमच्याच सोफ्यावर ठेवून गेली. नानाकाका पुढच्या पावसाळ्यात आला. मशीन वास्कोला कुणाला तरी दाखवलं, आतला तुकडा जळलाय म्हणाले. त्यानं मला एकच विचारलं, पुस्तक कुठे आहे? मी म्हटलं, हरवलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो दुसरंच काही बोलू लागला. पुढच्या खेपेला त्यानं माझ्यासाठी गेमचा डबा आणला. काडतूस सरकवलं की लगेच खेळ. मी तो दोनदा खेळले. रेकॉर्डरवर आई भजनं लावायची, आणि त्याच्या चाकावर सुलूची टिकली तशीच होती.

तुम्ही म्हणाल, तेरा वर्षांची होतीस, पोर होतीस. ते मला म्हणता येत नाही. कारण तीच वेळ पुन्हा आली, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. जत्रेच्या दिवशी देवळात गेले तर रामाकाका समोर. केस पांढरे झालेले, खाण सोडून गावी गेलेले, पण दरवर्षी जत्रेला न चुकता येत होते. हातात नारळ. मला ओळखलं, बाय म्हणून हाक मारली, मुलाबाळांची चौकशी केली. मी सुलूचं विचारलं. लग्न झालंय, सावंतवाडीकडे असते, शिवणकाम करते, दोन मुलगे. मग ते नारळाकडे बघत म्हणाले, "मशीन गेला ता गेला, बाय. पण देवासमोर उभ्या ऱ्हवान माझा चेडू खोटा बोलला, ता माका सोसणा नाय. अजून म्हणता, मी नाय केलंय."

अजून. अठरा वर्षं झाली होती. बाप विचारत होता, लेक नाही म्हणत होती, आणि बापानं आपल्या लेकीवर नाही, त्या कळीवर विश्वास ठेवला होता. समोर मी उभी होते. शेजारी कुणी नव्हतं. आई-बाबांचा धाक नव्हता, मशीन कुणाच्या लक्षातही नव्हतं. सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? सांगा ना, काय गेलं असतं?

मी म्हटलं, "होय, काका."

एवढंच. त्यांनी नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, आणि प्रसादाच्या खोबऱ्याचं एक शकल माझ्या हातावर ठेवलं. मी ते खाल्लं.

चार वर्षांपूर्वी ते गेले, असं मुळगावच्या एका ड्रायव्हरकडून कळलं. शेवटच्या जत्रेपर्यंत येत होते म्हणे, कुणाचा तरी हात धरून. मी एका हायस्कूलच्या लायब्ररीत काम करते. मुलं येतात आणि खाली बघून सांगतात, बाई, पुस्तक हरवलं. मी रजिस्टरमध्ये लिहिते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत नाही.

म्हापशाहून आले त्या संध्याकाळी, लग्नानंतर माझ्याबरोबर आलेली ती पत्र्याची पेटी उघडली. तळाचा पेपर पिवळा पडून चुरा होत होता. पुस्तक त्याच्याखाली होतं, स्प्रिंग गंजलेली. दोन लाल रेघा जशाच्या तशा. पुस्तकात पाठीमागे एक कागद निघाला, सुलूच्या अक्षरातला. हॉर्नच्या ओळी. टाईप करण्याआधी तिनं कागदावर लिहून काढल्या होत्या. सहाच ओळी आहेत. शेवटच्या ओळीपुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलंय — आबांना मोठ्यानं वाजलेला आवडतो.

त्यांनी तो कधी ऐकला नाही.

त्या दिवशी देवळात पाच मिनिटं होती, आणि बोलायचं होतं ते इतकंच होतं. रामाकाका, मशीन माझ्या हातून गेलं. पुस्तक माझ्याकडे आहे.